साखर निघाली त्या दिवसापासून

(रात्रीच्या साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



आज पाटी-पेन्सिल बाजूला ठेवा. आज आम्ही तुमच्याशी मधुमेहाबद्दल बोलणार आहोत. आपल्याकडे मधुमेह हे नाव फारसे कोणी घेत नाही. ‘त्याला साखर निघाली’ असे म्हणतात. कोणी नुसते ‘शुगर’ म्हणतात. नाव काहीही घ्या. आजार तोच.

या आजारात काय खावे, कोणती गोळी घ्यावी, हे डॉक्टर सांगतात. नर्सबाई सांगतात. आशाताई घरी येऊन सांगतात. पण साखर निघाल्यावर माणसाच्या मनाचे काय होते, ते कोणी फारसे सांगत नाही. रक्त तपासल्याचा कागद हातात येतो. माणूस घरी येतो. ओसरीवर बसतो. कोणी विचारले तर म्हणतो, ‘काही नाही, ऊन लागलंय.’ त्या ओसरीवर बसलेल्या माणसाशी आज आम्हाला बोलायचे आहे. त्याच्या घरच्यांशीही बोलायचे आहे.

तुम्ही म्हणाल, ‘गुरुजी, तुम्ही मास्तर माणूस. जुनी अकरावी मॅट्रिक. तुम्हाला डॉक्टरकीतलं काय कळतं?’ बरोबर आहे. डॉक्टरकी आम्हाला येत नाही. पण ही व्याधी आम्हाला 2009 सालापासून आहे. म्हणून जे अंगावरून गेले आणि शेजारीपाजारी पाहिले, तेवढेच सांगतो.

आधी आजार काय आहे ते समजून घ्या. न समजलेल्या गोष्टीची भीती जास्त वाटते. अंधारात दोरीचा साप होतो, तसे.

तुम्ही सगळे उसाला पाणी देणारी माणसे. पाटाने पाणी येते. पण पाटात पाणी आले म्हणजे सरीत पोचले का? नाही. दारे धरणारा माणूस लागतो. तो खोऱ्याने माती सारतो आणि पाणी सरीत वळवतो. तो नसला तर काय होते? पाट तुडुंब भरतो. काठ फुटतात. आणि ऊस मात्र तहानेला राहतो. शरीराचे असेच आहे. आपण भाकरी खाल्ली, भात खाल्ला, की त्याची साखर होऊन रक्तात येते. रक्त म्हणजे पाट. ती साखर शरीराच्या कणाकणात वळवायला इन्सुलिन नावाचा रस लागतो. तो पोटातल्या स्वादुपिंडात तयार होतो. हा आपला दारे धरणारा. काही जणांत, विशेषतः लहान पोरांत नि तरुणांत, हा रस तयारच होत नाही. त्यांना इन्सुलिनची सुई घ्यावीच लागते, ती एक दिवसही बंद ठेवून चालत नाही. बाकी बहुतेकांत रस असतो, पण तो पुरत नाही, किंवा शरीर त्याचे ऐकत नाही. मग रक्तात साखर साठते आणि शरीर उपाशी राहते. म्हणून थकवा येतो, तहान लागते, लघवीला वरचेवर जावे लागते. लघवीतून साखर जाते म्हणून तर जुन्या वैद्यांनी याला मधुमेह म्हटले.

पुष्कळांना मात्र काहीच होत नाही. हेच तर अवघड आहे. माणूस ठणठणीत असतो. शेतात जातो, बाजार करतो. शिबिरात सहज बोट पुढे करतो आणि आकडा निघतो. मग त्याला पहिल्यांदा वाटते, हे मशीनच खोटे आहे.

फळ्याकडे पाहा. तीन आकडे लिहितो. वाचा बरं.

126.
200.
6.5.

उपाशीपोटी साखर 126 किंवा त्याहून जास्त, तर मधुमेह. डॉक्टर ग्लुकोजचे पाणी पाजून दोन तासांनी रक्त घेतात, त्यात 200 किंवा जास्त, तर मधुमेह. तिसरी तपासणी तीन महिन्यांची सरासरी सांगते. ती 6.5 टक्के किंवा जास्त, तर मधुमेह. शिबिरात बोटाला टोचून काढतात तो आकडा संशय दाखवणारा असतो. त्यावर नीट रक्त तपासून घ्यायचे असते. काही त्रास नसेल तर डॉक्टर स्वतःच पुन्हा तपासून खात्री करतात. म्हणून ‘मशीन खोटे आहे’ असे वाटले तर रागावू नका. पुन्हा तपासा. पण दोनदा तेच आले, तर तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दवाखान्यात चांगला आकडा शोधत फिरू नका. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ असे सहा महिने फिरले. जिथे आकडा कमी आला तो कागद खिशात ठेवला, बाकीचे फाडून टाकले. साखर काही फाटली नाही.

नाकारण्याचे दिवस संपले की राग येतो. आम्हाला भीतीपेक्षा राग जास्त आला होता. पान नाही, तंबाखू नाही, रोज सायकलीवर तीन मैल शाळा. आणि आमच्याच वयाचे एक स्नेही, मिठाईच्या दुकानावर बसून अर्धा किलो जिलेबी संपवणारे, त्यांची साखर 90! मग आम्हालाच का? आठ दिवस हा एकच प्रश्न. वर्गात मुलांवर आवाज चढायचा. शेवटी डॉक्टरांनी शांतपणे विचारले, ‘गुरुजी, वडिलांना होती का?’ होती. आईलाही होती. डॉक्टर म्हणाले, ‘जमिनीचा उतारा जसा वारसाने येतो, तसं हेही थोडं येतं.’

हे नीट ऐका. कारण पुष्कळ माणसे यात स्वतःला दोष देत कुढतात. बायका तर फारच. ‘मी चहात साखर जास्त घ्यायचे, म्हणून देवानं दाखवलं.’ असे नसते. नुसती साखर खाल्ली म्हणून हा आजार झाला, इतके ते सोपे नाही. घराण्यातून येणारा भाग असतो. वाढते वय असते. पोटावरची चरबी असते. बसून राहणे असते. यातल्या काही गोष्टी आपल्या हातात आहेत, काही नाहीत. वाडवडील आपण निवडलेले नाहीत. उद्या सकाळी चालायला जायचे की नाही, ते मात्र निवडता येते.

आणि तुम्ही एकटेही नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभर घरोघर जाऊन पाहणी केली. तिचा निकाल 2023 साली प्रसिद्ध झाला. आपल्या देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे, असा अंदाज त्यात आला. शेकडा अकरांहून थोडे जास्त प्रौढ. आपल्या ग्रामसभेला शंभर माणसे बसली, तर त्यात अशी किती असतील ते तुम्हीच मोजा. फक्त कोणी कोणाला सांगत नाही.

न सांगण्याची गोष्ट निघाली म्हणून एक हकीकत सांगतो. त्या बाईंनी परवानगी दिली आहे. नाव मात्र सांगत नाही.

मागे आमच्या एका वर्गात एक बाई येत. वय पंचेचाळीसच्या आसपास. उसाच्या खुरपणीला जायच्या. शिबिरात त्यांची साखर निघाली. पुन्हा तपासली, तरी उपाशीपोटी 240. त्यांना तेव्हा आकडे वाचता येत नव्हते. नर्सबाईंनी समजावले, गोळ्या दिल्या, पुन्हा या म्हणाल्या. बाईंनी तो कागद घरी नेला आणि तांदळाच्या डब्यात, तांदळाखाली पुरला. गोळ्याही तिथेच. कारण काय? थोरल्या मुलीचे लग्न ठरत होते. पाहुण्यांना कळले, तर म्हणतील, घराण्यात साखर आहे, मुलीलाही होईल. मोडेल लग्न. नवऱ्यालाही सांगितले नाही. त्याला सांगितले तर पारावर जाईल, असे त्यांचे म्हणणे. पारावर काय जात नाही म्हणा!

आठ महिने गेले. एक दिवस उसाच्या खोडक्यावर पाय पडला. जखम लहानच होती. हळद भरली, चिंधी बांधली. साखर वाढलेली असली की पायाची जाणीव कमी होऊ शकते. जखम भरायलाही वेळ लागतो. बाईंना दुखलेही नाही फारसे. पंधरा दिवसांनी वास यायला लागला, तेव्हा घरात कळले. तालुक्याला नेले. पाय वाचला. एक बोट मात्र काढावे लागले.

दवाखान्यात त्या सारख्या रडत. बोट गेले म्हणून नव्हे. आता पाहुण्यांना कळणार म्हणून. आणि पाहुणे भेटायला आले. व्याहीणबाई खाटेशेजारी बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी आपली पिशवी उघडली, गोळ्यांची पट्टी काढली, पाणी मागितले आणि जेवणाआधी एक गोळी घेतली. आमच्या बाईंनी पट्टी ओळखली. रंग तोच. ‘अगं बाई, तुम्हालाबी?’ ‘पाच वर्षं झाली,’ व्याहीण म्हणाल्या. लग्न ठरल्या तारखेला झाले.

सगळ्यांच्याच व्याहीणबाई अशा नसतात, हे आम्हाला ठाऊक आहे. काही ठिकाणी लोक बोलतात. सोयरिकीत अडचणही येते. लोक चांगलेच वागतील अशी हमी आम्ही देत नाही. पण घरातल्या एका तरी माणसाला पहिल्याच दिवशी सांगा. नवरा नसेल तर बहीण. बहीण नसेल तर आशाताई. डब्यात पुरलेली साखर रक्तात वाढतच राहते.

पुढे त्या बाई वर्गात परत आल्या, त्या हट्टाने. म्हणाल्या, ‘गुरुजी, मला अ आ इ नंतर शिकवा. आधी आकडं शिकवा. माझा कागद मला वाचता आला पाहिजे.’ आम्ही चाळीस वर्षे शिकवले. इतक्या निकडीने आकडे मागणारा विद्यार्थी दुसरा पाहिला नाही. तीन आठवड्यांत त्या तीन अंकी संख्या वाचू लागल्या. आज त्यांच्याकडे एक शंभर पानी वही आहे. तारीख, उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर. मागच्या महिन्यात आम्हाला वही दाखवली. 118 लिहिले होते. त्याखाली स्वतःच्या हाताने ‘बरं’ असे लिहिले होते.

आता भीतीबद्दल. बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एखादा आजा असतो, एखादी आत्या असते. कोणाचा पाय कापला, कोणाची नजर गेली. कागद हाती आला की तेच चित्र उभे राहते. ही भीती खोटी नाही. वर्षानुवर्षे साखर वाढलेली राहिली, तर डोळे, मूत्रपिंडे, पायाच्या नसा, हृदय यांना इजा होते. पण ‘वर्षानुवर्षे’ आणि ‘वाढलेली राहिली’ हे शब्द विसरू नका. आज आकडा निघाला म्हणजे उद्या पाय गेला असे नाही. तुमच्या आज्याला कोणी तपासले नव्हते. कळले तेव्हा उशीर झाला होता. तुम्हाला आज कळले आहे. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा आणि लघवी तपासून घ्यायची. रोज रात्री पाय पाहायचे. वाकता येत नसेल तर आरशात पाहायचे, नाहीतर नातवाला दाखवायचे. अनवाणी शेतात जायचे नाही. भीतीला असे काम दिले की ती थोडी वठणीवर येते.

सुईची भीती निराळी. ‘सुई लागली म्हणजे संपलं,’ असे कट्ट्यावर बोलतात. कट्ट्यावरच्या मंडळींना एक गोष्ट ठाऊक नाही. शंभर वर्षांपूर्वी ज्या मुलांच्या शरीरात हा रस तयार होत नसे, ती जगत नसत. डॉक्टर त्यांना जवळजवळ उपाशी ठेवत, थोडे दिवस वाढावेत म्हणून. 1921 साली कॅनडातल्या टोरांटो शहरात बँटिंग आणि बेस्ट या दोघांनी प्राण्यांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन वेगळे काढले. जानेवारी 1922 मध्ये लेनर्ड थॉम्प्सन नावाच्या मुलाला ते टोचले. तो मरणाच्या दारात होता. तो त्यानंतर तेरा वर्षे जगला. सुई म्हणजे शेवट नव्हे. त्या मुलाच्या जगण्याची ती सुरुवात होती. 14 नोव्हेंबर हा बँटिंगचा जन्मदिवस. आपल्याकडे त्या दिवशी बालदिन असतो, आणि जगभर मधुमेह दिनही असतो.

क्रिकेट पाहणाऱ्या पोरांसाठी आणखी एक. पाकिस्तानचा वसीम अक्रम. 1997 साली त्याला मधुमेह निघाला. इन्सुलिन घेऊन तो पुढे सहा वर्षे खेळत राहिला. एकदिवसीय सामन्यांत पाचशे बळी त्याने 2003 च्या विश्वचषकात पुरे केले.

आता घरच्या मंडळींशी दोन शब्द. खरे तर चार.

साखर निघाली की घरात काय होते? पहिल्या दिवशी सगळे हळहळतात. दुसऱ्या दिवसापासून सगळे फौजदार होतात. ‘आबा, हात मागे घ्या.’ ‘आत्या, ते तुमच्यासाठी नाही.’ पंगतीत चार लोकांदेखत ताटातला लाडू उचलून घेतात. मायेने करतात, पण माणूस आतून शरमतो. मग तो चोरून खातो. दिवाळीला कारखान्याची सवलतीची साखर घरात येते, पोते कोनाड्यात उभे राहते, आणि म्हातारा रात्री उठून चमचा शोधतो. यात दोष एकट्या म्हाताऱ्याचा नाही.

आणखी एक. त्याचे ताट वेगळे करू नका. वेगळे ताट म्हणजे आपल्याकडे काय समजतात ते तुम्हाला माहीत आहे. जे त्याला चांगले ते सगळ्यांनाच चांगले. भात थोडा कमी, डाळ-उसळ जास्त, पालेभाजी भरपूर, भाकरी मोजून. भाकरीचीही साखरच होते, म्हणून ज्वारीची आहे तर कितीही खा, असे नाही. आणि गुळाला साखरेचा भाऊच समजा. चहात गूळ घातला म्हणजे पथ्य झाले, हा गैरसमज आमच्या गावात फार आहे.

आमच्या घरी काय झाले सांगतो. डॉक्टरांचा कागद वाचून आमच्या मंडळींनी काही भाषण केले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन कप चहा आला. दोन्ही बिनसाखरेचे. त्यांना साखर नाही, त्यांनी गोड प्यायला हरकत नव्हती. आम्ही विचारले तर म्हणाल्या, ‘दोन भांडी कोण घासणार?’ पहिले पंधरा दिवस तो चहा कडू काढ्यासारखा लागला. महिन्याने चहाची खरी चव कळू लागली. आता कोणाकडे चुकून साखरेचा मिळाला तर पाक प्यायल्यासारखे वाटते. गोडाचे दुःख वाटते, त्याची लाज बाळगू नका. सणावाराला गोड खाऊनच आपण मोठे झालो. संक्रांतीला तिळगुळाचा एक दाणा जिभेवर ठेवला तरी मान राहतो. पाहुण्याकडे ‘बिनसाखरेचा चालेल’ हे वाक्य एकदा बोलायला जड जाते. दहाव्यांदा जात नाही.

मात्र एका वेळी साखर औषध असते. जे इन्सुलिन घेतात किंवा काही ठरावीक गोळ्या घेतात, त्यांची साखर कधी फार उतरते. हातपाय कापतात, दरदरून घाम येतो, छाती धडधडते, डोके फिरल्यासारखे होते. माणूस घाबरतो, घरचेही घाबरतात. शुद्धीवर असेल तर तीन लहान चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या. पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही तर पुन्हा द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, गाडी बोलवा. रुग्णवाहिकेचा नंबर 108. अशा माणसाने खिशात साखरेची पुडी ठेवावी.

दुःखात असलेला माणूस चांगले गिऱ्हाईक असतो, हे काही लोकांनी बरोबर ओळखले आहे. ‘एकवीस दिवसांत साखर मुळापासून गायब’ अशा पाट्या लागतात. बाजारात कोणी लाकडी पेला विकतो, कोणी पुड्या. ते आशा विकतात. तिचा भाव जास्त असतो. काही माणसांची साखर सुरुवातीलाच वजन पुष्कळ उतरवल्यावर गोळ्यांशिवायही काबूत राहते, हे खरे आहे. पण ते डॉक्टरांच्या नजरेखाली होते, आणि तपासणी पुढेही चालू ठेवावी लागते. पुडी घेऊन गोळी बंद करणे, आणि ज्याला इन्सुलिनच लागते त्याने ते बंद करणे, यात जीव जातो.

आणि एक गोष्ट, जी पहिल्या महिन्यात नव्हे, पहिल्या वर्षानंतर येते. कंटाळा. रोज गोळी, रोज चालणे, रोज मोजून जेवण. रविवारची सुट्टी नाही, दिवाळीची नाही. एवढे करूनही एखाद्या दिवशी आकडा वर जातोच. मग वाटते, कशासाठी हे सगळे? हा कंटाळा आळस नव्हे. हा या आजाराचाच एक भाग आहे. तो डॉक्टरांना सांगायचा असतो. तिथे गेल्यावर आपण ‘बरं चाललंय’ म्हणतो आणि परत येतो. तसे करू नका. एखादी गोळी बदलता येते, वेळ बदलता येते. आमच्या बाबतीत उपाय साधा निघाला. आम्ही तिघे साखरवाले सकाळी पाझर तलावापर्यंत बरोबर चालतो. जाताना गप्पा, येताना गप्पा. एक जण आला नाही तर दोघे त्याच्या दारात उभे राहतात.

पण कोणाचे मन पंधरा-पंधरा दिवस खचलेले राहिले, झोप लागेना, जेवण जाईना, जगणे नको वाटू लागले, तर ते अंगावर काढू नका. मधुमेहाच्या माणसांत अशी उदासी इतरांपेक्षा जास्त आढळते, आणि तिच्यावर उपचार आहेत. सरकारचा एक फोन नंबर आहे. फळ्यावर लिहितो, वहीत उतरवून घ्या. 14416. पैसे पडत नाहीत. रात्री-अपरात्री लावला तरी चालतो. मराठीत बोलता येते.

वय तीस झालेल्या सगळ्यांनी साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा, अशी सरकारी योजना आहे. उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी फुकट होते. आज नर्सबाई मशीन घेऊन मागच्या खोलीत बसल्या आहेत. ज्यांना बोट द्यायचे आहे त्यांनी रांग लावा. आकडा निघेल तो कोणी तुम्हाला वाचून दाखवणार नाही. तो आधी तुम्ही वाचायचा. मग नर्सबाई सांगतील पुढे काय करायचे. आणि ज्यांना कोणासमोर नको असेल त्यांनी थांबा. गर्दी गेल्यावर आम्ही तुमच्याबरोबर आत येतो.